अमेरिकेत माजी सैनिकांना सरकारी कंत्राटात पहिला नंबर. कायदा काय, अटी काय आणि तो पाळायला कसा लावला?

सविस्तर माहिती

फौजेतून माणूस घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा चाळिशीच्या आत-बाहेर असतो. पेन्शन सुरू होते, पण मुलांची शिक्षणं, घराचं काम, शेतीला पाइपलाइन हे सगळं बाकी असतं. मग कुणी बँकेत गार्ड होतो, कुणी ट्रॅक्टर घेतो, कुणी छोटा ठेका घ्यायचा विचार करतो. अपशिंगे (मिलिटरी) किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत हा विषय दर दोन घरांआड निघतो. सरकारी कामात माजी सैनिकाला प्राधान्य आहे असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात ते कसं मिळवायचं, हे सांगणारा मात्र भेटत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या माजी सैनिकांपुढेही होता. तिथे २००६ साली कायदा झाला, पण तो नीट पाळला जावा यासाठी एका छोट्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल लागायला २०१६ साल उजाडलं. तिथली पद्धत नेमकी कशी आहे, कागदपत्रं कोणती, डमी ठेकेदारांचा बंदोबस्त कसा करतात आणि आपल्याकडच्या लोकांचा त्याच्याशी काही संबंध येतो का, याची ही माहिती.

खातं कोणतं?

अमेरिकेच्या केंद्र सरकारात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र खातं आहे. त्याचं नाव डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स. लोक त्याला नुसतं व्ही.ए. म्हणतात. १९३० साली ते एक प्रशासन म्हणून सुरू झालं आणि १९८९ च्या मार्चमध्ये त्याला मंत्रिमंडळातल्या खात्याचा दर्जा मिळाला.

या खात्याची तीन मोठी कामं आहेत. पहिलं दवाखान्यांचं. देशभरात सुमारे १७० मोठी रुग्णालयं आणि हजारावर छोटी केंद्रं आहेत, आणि ९० लाखांहून जास्त माजी सैनिकांची तिथे नोंद आहे. दुसरं काम पेन्शन, अपंगत्व भत्ता, शिक्षण आणि घरकर्जाचं. तिसरं काम राष्ट्रीय दफनभूमींचं. सैनिकाच्या कबरीवरचा दगडसुद्धा हे खातंच पुरवतं.

एवढा पसारा म्हटल्यावर खरेदीही तेवढीच. औषधं, कानातली यंत्रं, कृत्रिम पाय, व्हीलचेअर, चष्मे, एक्स-रे मशीन, संगणक प्रणाली, इमारतींची दुरुस्ती, साफसफाई, कपडे धुणं, गवत कापणं, रुग्णांची ने-आण, असं सगळं बाहेरून घेतलं जातं. दरवर्षीची ही खरेदी काही हजार कोटी डॉलरची होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारात सर्वांत मोठी खरेदी करणाऱ्या खात्यांमध्ये व्ही.ए.ची गणना होते.

ज्यांच्यासाठी हे खातं आहे त्यांनाच त्याच्या खरेदीतून धंदा का मिळू नये, या विचारातून पुढचा कायदा आला.

कायदा कसा आला?

सुरुवात १९९९ पासून धरावी लागते. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने ठरवलं की केंद्र सरकारच्या एकूण कंत्राटांपैकी ३ टक्के रक्कम सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या उद्योगांकडे जावी. पण हे फक्त उद्दिष्ट होतं. पूर्ण झालं तर बरं, नाही झालं तर विचारणारं कोणी नाही. अनेक खाती त्या ३ टक्क्यांच्या जवळपासही जात नव्हती. २००३ साली त्यात भर घालून काही निविदा फक्त अशा उद्योगांसाठी राखून ठेवायची मुभा अधिकाऱ्यांना दिली. मुभा म्हणजे अधिकाऱ्याच्या मनात आलं तर.

मग २२ डिसेंबर २००६ रोजी नवा कायदा झाला. हा खास व्ही.ए.पुरता होता. त्यात प्राधान्याचा क्रम लावून दिला.

पहिला नंबर: सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाच्या मालकीचा छोटा उद्योग.

दुसरा नंबर: इतर माजी सैनिकांच्या मालकीचे छोटे उद्योग.

त्यानंतर: बाकीच्या सवलतीच्या गटांतले छोटे उद्योग, आणि शेवटी सगळ्यांसाठी खुली निविदा.

लोक या पद्धतीला 'व्हेट्स फर्स्ट', म्हणजे आधी माजी सैनिक, असं म्हणतात.

दोघांचा नियम

या कायद्याचं मर्म एका साध्या नियमात आहे. त्याला तिथे 'रूल ऑफ टू' म्हणतात. आपण दोघांचा नियम म्हणू.

खरेदी अधिकाऱ्याने कुठलीही निविदा काढण्याआधी बाजाराची चौकशी करायची. हे काम करू शकतील असे माजी सैनिकांचे किमान दोन उद्योग बोली लावतील, आणि योग्य व वाजवी दरात काम होईल, असं वाटण्याइतका आधार असेल, तर ती निविदा फक्त माजी सैनिकांच्या उद्योगांसाठीच काढायची. बाहेरच्यांना त्यात बोलीच लावता येत नाही.

दोनच का, एक का नाही? कारण एकच बोली असली तर तो मागेल तो दर द्यावा लागेल. दोघे असले की आपोआप स्पर्धा होते आणि सरकारचा पैसाही वाया जात नाही. म्हणजे यात दयेचा भाग नाही. काम यायला पाहिजे, दर वाजवी पाहिजे, त्यानंतर प्राधान्य.

काही वेळा स्पर्धा न घेता थेट एकाच माजी सैनिकाच्या उद्योगाला काम देण्याची तरतूदही आहे. तिची मर्यादा ५० लाख डॉलरची आहे आणि तिथेही दर वाजवी असल्याची खात्री करावी लागते.

'देता येईल' की 'द्यावेच'?

कायदा झाला, पण खात्याने त्यातून वाट काढली. व्ही.ए.चं म्हणणं असं की वर्षाचं ठरलेलं उद्दिष्ट पूर्ण झालं की दोघांचा नियम लावायची गरज नाही. दुसरं म्हणजे, ज्या कंपन्यांशी सरकारने आधीच दरकरार करून ठेवले आहेत त्यांच्याकडून माल मागवताना हा नियम लागू होत नाही. आपल्याकडे दरकरारावर खरेदी होते तसाच हा प्रकार. बरीचशी खरेदी याच वाटेने होत असल्यामुळे माजी सैनिकांचा पहिला नंबर कागदावरच राहत होता.

मेरीलँड राज्यातली किंगडमवेअर टेक्नॉलॉजीज ही अपंगत्व आलेल्या एका माजी सैनिकाच्या मालकीची छोटी कंपनी. २०१२ साली व्ही.ए.ने आपल्या चार रुग्णालयांसाठी तातडीच्या वेळी कर्मचाऱ्यांना सूचना पाठवणारी सेवा घेतली. ती दरकरारावर, माजी सैनिकाची नसलेल्या कंपनीकडून घेतली. दोघांचा नियम पाहिलाच नाही. किंगडमवेअरने याला हरकत घेतली.

आधी तक्रार गेली गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे. ही तिथल्या संसदेची हिशेब तपासणारी संस्था आहे, आणि निविदांच्या तक्रारीही ऐकते. तिने कंपनीच्या बाजूने मत दिलं. पण या संस्थेचं मत ही शिफारस असते, आदेश नव्हे. व्ही.ए.ने ते मानलं नाही. मग कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टात हरली. २०१४ साली वरच्या कोर्टातही दोन विरुद्ध एक अशी हरली. तोवर ते मूळ काम २०१३ च्या मे महिन्यातच संपून गेलं होतं. जिंकूनही ते कंत्राट हाती येणार नव्हतं.

तरीही कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ जून २०१६ रोजी निकाल लागला. आठही न्यायमूर्ती एकमताने कंपनीच्या बाजूने. निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं. सगळा वाद कायद्यातल्या एका शब्दावर होता. इंग्रजीत 'मे' म्हणजे देता येईल, आणि 'शॅल' म्हणजे द्यावेच. न्यायालयाने सांगितलं की संसदेने 'शॅल' लिहिलं आहे, त्यामुळे अधिकाऱ्याला निवड उरत नाही. उद्दिष्ट पूर्ण झालं असलं तरी नियम लागू. दरकरारावरची मागणी हेही कंत्राटच, त्यामुळे तिथेही नियम लागू.

मूळ काम संपलं असताना न्यायालयाने खटला निकाली का काढला नाही? कारण अशी कंत्राटं छोट्या मुदतीची असतात. कोर्टाची पायरी चढेपर्यंत ती संपून जातात. असं म्हणून दर वेळी तक्रार फेटाळली तर या प्रश्नाचा निकाल कधीच लागणार नाही, असं न्यायालयाने मानलं.

आपल्याकडे जीआर वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. 'प्राधान्य देण्यात यावे', 'प्राधान्य देता येईल' आणि 'प्राधान्याचा विचार व्हावा' ही तीन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. हक्क सांगायची वेळ येते तेव्हा तिन्हींचं वजन वेगळं असतं.

कोणाला मिळतं? अटी काय?

मुख्य अटी अशा आहेत.

१) मालक अमेरिकेच्या सैन्यदलात काम केलेला असावा आणि त्याला अपमानास्पद कारणाने काढलेलं नसावं.

२) उद्योगात किमान ५१ टक्के मालकी माजी सैनिकाची किंवा अनेक माजी सैनिकांची मिळून असावी. ती थेट आणि बिनशर्त पाहिजे. कागदावर ५१ टक्के आणि आतून करारनामा वेगळा, हे चालत नाही.

३) रोजचा कारभार आणि मोठे निर्णय माजी सैनिकाच्याच हातात पाहिजेत. सही एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा असं दिसलं की अर्ज बाद.

४) पहिल्या नंबरासाठी सेवेमुळे अपंगत्व आल्याचा सरकारी दाखला लागतो. कायमचं आणि गंभीर अपंगत्व असेल तर पती किंवा पत्नीला, किंवा कायम सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला, त्याच्या वतीने कारभार पाहता येतो. माजी सैनिकाचं निधन झाल्यास पती किंवा पत्नीला काही अटींवर ठराविक वर्षं हा दर्जा चालू ठेवता येतो.

५) उद्योग छोटा असावा. छोटा म्हणजे किती, हे प्रत्येक धंद्याला वेगळं. प्रत्येक धंद्याला सहा आकडी संकेतांक दिलेला आहे आणि त्याप्रमाणे वार्षिक उलाढालीची किंवा कामगारांच्या संख्येची मर्यादा ठरते.

हे सगळं तपासून दाखला देण्याचं काम आधी व्ही.ए. स्वतः करत होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते छोट्या उद्योगांसाठीच्या वेगळ्या खात्याकडे, म्हणजे स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनकडे दिलं आहे. तो दाखला तीन वर्षं चालतो. जो खरेदी करतो त्यानेच पात्रता ठरवायची ही जुनी पद्धत त्यामुळे बंद झाली.

अर्जाची वाट

पहिली पायरी म्हणजे केंद्र सरकारच्या 'सॅम' या पोर्टलवर नोंदणी. तिथे उद्योगाला बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक मिळतो. पूर्वी हा क्रमांक एका खासगी कंपनीकडून घ्यावा लागायचा, एप्रिल २०२२ पासून सरकारच देतं. नोंदणीला एक पैसा लागत नाही. मात्र दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर हातातलं काम जाऊ शकतं.

दुसरी पायरी म्हणजे माजी सैनिक उद्योगाचा दाखला. तोही मोफत.

तिसरी पायरी म्हणजे निविदा शोधणं. मोठ्या निविदा सॅम पोर्टलवरच जाहीर होतात. पण जाणकार ठेकेदार निविदेची वाट पाहत बसत नाहीत. निविदेच्या आधी खातं 'हे काम कोण करू शकेल' अशी चौकशीची सूचना काढतं. दोघांचा नियम याच वेळी ठरतो. दोन माजी सैनिकांनी या सूचनेला उत्तर दिलं तर निविदा राखीव होण्याची शक्यता वाढते. कोणीच उत्तर दिलं नाही तर अधिकारी म्हणतो, मिळाले नाहीत. म्हणजे हक्क कायद्यात असला तरी वेळेवर हात वर करणं हे काम माजी सैनिकाचंच.

मदतीसाठी राज्याराज्यांत 'अॅपेक्स अॅक्सिलरेटर' नावाची केंद्रं आहेत. तिथे निविदा कशी वाचायची, दर कसा काढायचा, कागद कसे जोडायचे हे फुकट शिकवतात. व्ही.ए.मध्येही छोट्या उद्योगांसाठी वेगळं कार्यालय आहे.

काम मिळाल्यावर

राखीव काम घ्यायचं आणि दुसऱ्याला देऊन मधला हिस्सा खायचा, हे चालू नये म्हणून मर्यादा घातली आहे. सेवेच्या कामात सरकारकडून मिळालेल्या रकमेपैकी ५० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बाहेरच्या पोटठेकेदाराला देता येत नाही. साधारण बांधकामात ही मर्यादा ८५ टक्के आहे, कारण तिथे गवंडी, वायरिंग, प्लंबिंग अशी कामं वाटूनच द्यावी लागतात. पोटठेकेदारही त्याच दर्जाचा माजी सैनिक असेल तर त्याची रक्कम या मर्यादेत धरत नाहीत.

बिलाच्या बाबतीत तिथे जुना कायदा आहे. बिल बरोबर असेल तर साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर सरकारने व्याज द्यायचं. आपल्याकडेही सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी ४५ दिवसांची मर्यादा कायद्यात आहे आणि उशिराबद्दल व्याज मागता येतं. पुढचं काम जाईल या भीतीने मागणारे मात्र थोडे.

अन्याय झाला असं वाटलं तर तक्रारीची मुदत फार थोडी असते. गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे जायचं तर साधारणपणे कारण कळल्यापासून १० दिवसांत जावं लागतं, आणि त्या संस्थेने १०० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वेळेत तक्रार झाली तर बहुतेक वेळा त्या कंत्राटाचं काम निर्णय होईपर्यंत थांबतं.

डमीचा प्रश्न

जिथे राखीव जागा तिथे डमी, हे आपल्याला नवीन नाही. महिला सरपंचांच्या नावावर कारभार कोण करतं हे गावागावाला माहीत असतं. अमेरिकेतही तेच झालं. मोठा ठेकेदार एखाद्या अपंग माजी सैनिकाला गाठतो, त्याच्या नावावर कंपनी काढतो, त्याला थोडे पैसे देतो आणि काम स्वतः करतो. याला तिथे 'रेंट अ व्हेट', म्हणजे भाड्याचा माजी सैनिक, असं नाव पडलं आहे.

२००९ साली हिशेब तपासणाऱ्या त्याच संस्थेने अशा दहा कंपन्यांचा शोध घेतला. त्यांनी फसवणुकीने किंवा गैरवापराने सुमारे १० कोटी डॉलरची राखीव कामं मिळवल्याचं आढळलं. त्या वेळी व्ही.ए. सोडून इतर खात्यांत 'मी माजी सैनिक आहे' असं स्वतःच लिहून दिलं तरी चालायचं. नंतर कॅन्सस सिटी भागातलं एक प्रकरण बाहेर आलं. त्यात अशा मार्गाने मिळवलेल्या कामांची रक्कम ३० कोटी डॉलरच्या पुढे होती.

त्यामुळे आता नियम घट्ट केला आहे. स्वतःच लिहून द्यायची सोय बंद झाली आणि सरकारी दाखला सगळीकडे सक्तीचा झाला. पकडला गेला तर काळ्या यादीत नाव, दंड आणि तुरुंगवासही होतो. नाव भाड्याने देणारा माजी सैनिकही त्यातून सुटत नाही. दाखला सक्तीचा करतानाच संपूर्ण केंद्र सरकारचं ३ टक्क्यांचं उद्दिष्ट वाढवून ५ टक्के करण्यात आलं.

सगळं सुरळीत आहे असं नाही

एकाला पहिला नंबर दिला की दुसरा मागे जातो. अमेरिकेत अंध आणि अपंग कामगारांच्या संस्थांसाठीही सरकारी खरेदीत जुनं संरक्षण आहे. व्ही.ए.च्या चष्म्यांचं काम अशा अंधांच्या संस्थेकडे होतं. माजी सैनिकाच्या कंपनीने त्यावर दावा सांगितला आणि २०१८ साली वरच्या कोर्टाने माजी सैनिकांना झुकतं माप दिलं. अंध कामगारांच्या रोजगारावर गदा येऊ लागली तेव्हा २०२० साली संसदेने वेगळा कायदा करून त्या संस्थांकडची जुनी कामं वाचवली.

दुसरी अडचण सरकारच्या धोरणाची. सरकारला आपल्या सोयीसाठी कुठलंही कंत्राट मधेच रद्द करण्याचा अधिकार असतो. २०२५ च्या सुरुवातीला खर्चकपातीच्या मोहिमेत व्ही.ए.ने शेकडो कंत्राटं रद्द करायचं जाहीर केलं. त्याचा फटका माजी सैनिकांच्या कंपन्यांनाही बसला. सगळा धंदा एकाच सरकारी खात्यावर उभा केला की असं होतं. एकाच कारखान्यावर ऊस घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

भारताचा संबंध कुठे येतो?

सर्वांत मोठा संबंध औषधांचा. व्ही.ए.च्या दवाखान्यांना रोज लागणारी साधी, स्वस्त औषधं जगात जिथे बनतात त्यात भारत पुढे आहे. पण अमेरिकेच्या १९७९ च्या व्यापार कायद्याप्रमाणे ठराविक रकमेवरच्या सरकारी खरेदीत माल अमेरिकेचा किंवा करार असलेल्या देशाचाच लागतो. भारत त्या देशांच्या यादीत नाही. सरकारी खरेदीच्या जागतिक करारात भारत फक्त निरीक्षक आहे, सदस्य नाही.

यावरूनही कोर्टात वाद झाला. अॅसेट्रिस नावाची कंपनी व्ही.ए.ला काविळीच्या एका प्रकारावरचं, हिपॅटायटिस बी चं औषध पुरवत होती. त्यातला मूळ औषधी घटक भारतात तयार व्हायचा आणि गोळ्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात बनायच्या. हा कारखाना हैदराबादच्या अरबिंदो समूहाचा. व्ही.ए. म्हणालं, घटक भारताचा म्हणून माल भारताचा, घेता येणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वरच्या कोर्टाने ते मान्य केलं नाही. गोळी जिथे बनली तो देश पाहायचा आणि ती अमेरिकेत बनली आहे, असं कोर्टाने ठरवलं. भारतीय औषध कंपन्यांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा निकाल मानला जातो.

दुसरा संबंध माणसांचा. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालेल्या परदेशी माणसाला तिथल्या सैन्यात भरती होता येतं. आपल्या भागातल्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी तिथल्या फौजेत काम करून बाहेर पडली असेल, तर वरचे सगळे नियम त्यांना लागू होतात. भारतीय सैन्यातली सेवा मात्र त्यासाठी धरली जात नाही, मग ती कितीही वर्षांची असो.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 'अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं काम मिळवून देतो, नोंदणीचे पैसे भरा' असं कोणी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नये. सॅमची नोंदणी मोफत आहे, दाखला मोफत आहे आणि भारतीय माजी सैनिक त्या प्राधान्याला पात्र नाही. आधार, पॅन, पेन्शनचा पीपीओ नंबर किंवा बँकेचा ओटीपी अशा माणसाला देऊ नये.

आपल्याकडे काय आहे?

भारतात संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर आहे. सुरक्षा एजन्सी, कोळसा भरणं आणि वाहतूक, टोल नाके, सीएनजी पंप चालवणं अशी कामं डीजीआरच्या शिफारशीने मिळतात. सुरक्षा एजन्सी बहुधा निवृत्त अधिकाऱ्यांच्या असतात आणि त्यात बहुसंख्य गार्ड माजी सैनिक असावे लागतात. महाराष्ट्रात माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को आहे. त्याचं मुख्यालय पुण्यात असून ते सरकारी कार्यालयांना आणि संस्थांना माजी सैनिक सुरक्षारक्षक पुरवतं.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी सक्तीची आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. माजी सैनिकांसाठी वेगळा टक्का या धोरणात नाही. तरीही माजी सैनिकाने उद्यम नोंदणी केली तर लघुउद्योग म्हणून २५ टक्क्यांच्या वाट्यात त्याला उतरता येतं. निविदा अर्जाची फी आणि अनामत रकमेतूनही सूट मिळते.

छोटा उद्योग सुरू करू पाहणाऱ्या माजी सैनिकाने करायच्या गोष्टी थोडक्यात अशा:

• उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे.

• जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवावं.

• डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, पीपीओ यांवरचं नाव आधार-पॅनशी जुळतं का ते आधी पाहावं. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

• डीजीआरच्या योजनांसाठी वयाच्या आणि पदाच्या अटी योजनेप्रमाणे वेगळ्या असतात. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. तिथली चौकशी मोफत असते.

• निविदेत प्राधान्याचा उल्लेख असेल तर तो कोणत्या जीआरप्रमाणे आहे त्याचा क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी आणि मूळ शब्द वाचावेत.

• नाकारलं तर कारण लेखी मागावं. तोंडी 'बघू' या शब्दावर कुठेही अपील होत नाही.